संत्री नागपूरची, कर्ज विदर्भाचं : एका प्रतिमेची पार्श्वभूमी

पुण्या-मुंबईकडच्या माणसाला विदर्भ म्हटलं की काय आठवतं, याची यादी गेल्या दोन-तीन दशकांत फारशी बदललेली नाही. संत्री, सावजी मटण, पंचेचाळीस अंशांपुढचं ऊन, शेतकरी आत्महत्या, ताडोबाचे वाघ, गडचिरोलीतला नक्षलवाद. आणि माणूस म्हणाल तर "काहून बे" म्हणत खांद्यावर हात टाकणारा, मोकळाढाकळा, जरासा आरामशीर, पाहुणचाराला मात्र दिलदार. यातलं काही खोटं नाही. अडचण एवढीच, की हे सगळं एका ठिकाणचं नाही. सावजी हे नागपूरच्या जुन्या वस्त्यांमधल्या एका समाजाचं जेवण. संत्र्यांच्या बागा सगळ्यात जास्त अमरावती जिल्ह्यात. वाघ चंद्रपूरचे. आत्महत्यांच्या बातम्या बहुतेक यवतमाळ-अमरावतीच्या कापूस पट्ट्यातल्या. दारव्ह्याच्या कापूसवाल्याच्या घरी सावजी मसाला कधी शिजत नाही आणि साकोलीच्या धानवाल्याच्या शिवारात संत्र्याचं झाड नसतं. तरी बाहेरून पाहताना दोघेही एकाच ताटात वाढले जातात.

ही सरमिसळ निव्वळ बाहेरच्यांच्या अज्ञानातून झाली, असं विदर्भात सर्रास म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं काम खुद्द विदर्भातल्या पुढाऱ्यांनी, पत्रकारांनी आणि खानावळवाल्यांनी केलं.

जुना काळ थोडक्यात आटोपतो. संस्कृत काव्यशास्त्रात 'वैदर्भी' ही सगळ्यात प्रासादिक, गोड रीती मानली गेली. तिच्यासमोर गौडी म्हणजे बोजड आणि आडंबरी. म्हणजे कधीकाळी बाहेरच्या जाणकारांच्या मते नजाकतीचं नाव विदर्भ होतं. आज मराठी मालिकेत गंमतीचं पात्र हवं असलं की त्याच्या तोंडी वऱ्हाडी घालतात. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'त विदर्भाचं राज्य दोन चुलत भावांत वाटलं जातं आणि हद्द ठरते वरदा नदी, म्हणजे आपली वर्धा. ही नदी पुढे पुन्हा भेटणार आहे, म्हणून तिचा उल्लेख.

आणखी एक गोष्ट पश्चिमेकडे कुणी सांगत नाही. नागपूरकडे बोट दाखवणारे सगळे पुणेकरच होते असं नाही. १७४१ ते १७५१ या काळात नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर वारंवार चालून गेल्या. तिकडे त्यांना 'बर्गी' म्हणत, आणि बंगाली आया अंगाईतून मुलांना या बर्गींची भीती घालत आल्या आहेत. नागपूरकर मात्र स्वतःला साधाभोळा समजतो.

मूळ गुंता १८०३ पासूनचा. त्या वर्षी आडगाव आणि गाविलगडच्या लढाया हरल्यावर डिसेंबरमध्ये देवगावचा तह झाला आणि भोसल्यांना वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा मुलूख सोडावा लागला. तो गेला निजामाकडे. नदीच्या पूर्वेला नागपूर राहिलं. इथून पुढची शंभर वर्षं दोन्ही तीर वेगवेगळ्या कारभाराखाली होते. हे नीट ध्यानात घेतलं नाही तर पुढचं काहीच उलगडत नाही.

पश्चिमेचं वऱ्हाड पन्नास वर्षं हैदराबादेच्या कारभारात पिळून निघालं. १८५३ मध्ये निजामानं ते फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी इंग्रजांच्या हवाली केलं. मालकी मात्र कागदावर निजामाचीच. १९०२ मध्ये कायमचा पट्टा झाला, वर्षाला २५ लाख रुपये, आणि पुढच्या वर्षी वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं गेलं. तरीही १९३६ मध्ये निजामाच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी मिळालीच. अकोल्याच्या माणसाला आपण नेमके कुणाची रयत, हे तीन पिढ्या नीट सांगता आलं नसतं.

पूर्वेला १८५३ च्या अखेरीस शेवटचे भोसले राजे निपुत्रिक वारले आणि राज्य खालसा झालं. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला, राजधानी नागपूर. या प्रांतात जबलपूर होतं, रायपूर होतं, हिंदी बोलणारे जिल्हे मराठी जिल्ह्यांहून जास्त होते. राजधानीत येणारा वकील, कारकून, शिक्षक, ठेकेदार यांतला मोठा भाग हिंदी मुलखातला. "नागपूरचा मराठी माणूस दुकानात शिरला की हिंदी का बोलतो?" या पश्चिमेकडच्या लाडक्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. १८६१ ते १९५६, तब्बल ९५ वर्षं हे शहर एका द्विभाषिक प्रांताचं मुख्य ठिकाण होतं. मुंबईतला मराठी माणूस गुजराती शेठशी हिंदीत बोलतो तेव्हा मात्र त्याच्या मराठीपणाची चौकशी कुणी करत नाही.

दोन तीरांतला फरक नुसता सरकारी कागदावरचा नव्हता. वऱ्हाडात मुंबई पद्धतीची रयतवारी आली, शेतकरी स्वतः खातेदार झाला. नागपूरकडे मालगुजारी, गावाचा सारा मालगुजारानं गोळा करायचा आणि गावात शब्दही त्याचाच चालायचा. ही पद्धत १९५० च्या कायद्यानं गेली, पण वागण्या-बोलण्यातून लगेच गेली नाही. अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६० च्या दशकात कापसाला सोन्याचा भाव आला, १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरपर्यंत पोचली, १८७० मध्ये खामगावच्या बाजारासाठी वेगळा फाटा टाकला गेला. 'वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड' हे बिरुद या कापसाच्या पैशानं लोकांच्या मनात पक्कं बसवलं. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाहेरचा माणूस वऱ्हाडाकडे श्रीमंत मुलूख म्हणून पाहत होता. मारवाडी, कच्छी, गुजराती व्यापारी आले ते उगाच नाही. नागपूरकडे पैसा आला तो राजधानीमुळे आणि गिरणीमुळे. पहिली मोठी कापड गिरणी १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली.

आता नावाचा घोळ. यावर जरा जास्त जागा खर्च करावी लागेल, कारण विदर्भाबद्दलच्या निम्म्याअधिक गैरसमजांचं मूळ इथे आहे.

वऱ्हाड म्हणजे बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, आणि नंतर अकोल्यातून निघालेला वाशीम. बस. नागपूर वऱ्हाडात नाही, वर्धा नाही, भंडारा-चंद्रपूर तर नाहीच नाही. तरीही पुण्यात नागपूरच्या मुलाला "काय वऱ्हाडी पाहुणे" म्हणतात आणि तो मनातल्या मनात चिडतो. (त्यात 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या तुफान गाजलेल्या एकपात्री प्रयोगानं भर घातली. त्याच्या नावातलं वऱ्हाड लग्नाचं आहे आणि भाषा मराठवाड्याची. तरी 'वऱ्हाडी नाटक' म्हणून त्याची आठवण काढणारे लोक अजून भेटतात.) नागपूरकराच्या चिडण्यातही सगळंच निर्मळ नसतं. राजधानीच्या माणसानं नदीपलीकडच्याला गावंढळ समजायचं, हा जुना रिवाज. उलट अमरावतीचा माणूस नागपूरकराला अर्धा हिंदुस्थानी समजतो, आणि आपल्याकडची मराठी अस्सल असल्याचा दाखला म्हणून महानुभावांचं रिद्धपूर पुढे करतो.

हे झालं 'वऱ्हाड'चं. 'विदर्भ' हा शब्द त्याहून फसवा. आज तो अकरा जिल्ह्यांना लागतो आणि पुराणकाळापासून तसाच चालत आला असावा असं वाटतं. पण विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या राजकारणात विदर्भ म्हणजे फक्त वऱ्हाड होतं. देशातल्या त्या वेळच्या सगळ्यात मोठ्या पक्षानं, काँग्रेसनं, १९२० मध्ये भाषेनुसार प्रांतिक समित्या करायचं ठरवलं. ठरवलं तेही नागपूरच्याच अधिवेशनात. मराठी मध्य प्रांतासाठी नागपूरची समिती वेगळी झाली, वऱ्हाडची वेगळी. या वऱ्हाडच्या समितीला पुढे 'विदर्भ' म्हणायची पद्धत पडली. म्हणजे एकाच पक्षात नागपूर आणि विदर्भ ही दोन स्वतंत्र घरं. त्या काळच्या विदर्भवाल्याला नागपूर विदर्भात धरलेलं चाललं नसतं आणि नागपूरवाल्यालाही त्याची गरज वाटत नव्हती.

मग दोन्ही मिळून बोलायचं झालं तर काय म्हणायचं? यासाठी जे शब्द घडवले गेले त्यांच्याकडे नीट पाहा : 'महाविदर्भ' आणि 'नागविदर्भ'. विदर्भात नागपूर आधीपासून असतं तर ना 'महा' लावावं लागतं, ना 'नाग'. १ ऑक्टोबर १९३८ ला प्रांताच्या विधिमंडळानं वेगळ्या प्रांताचा ठराव केला तोही महाविदर्भाचा. पन्नाशीच्या दशकातल्या चळवळीत नागविदर्भ चालू होतं. १९५५ मध्ये राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या आयोगानं आठ मराठी जिल्ह्यांचं वेगळं राज्य करावं अशी शिफारस केली आणि त्याला नाव दिलं सरळ 'विदर्भ'. शिफारस बारगळली, नाव चिकटलं. आठाचे पुढे अकरा झाले. गडचिरोली १९८२, वाशीम १९९८, गोंदिया १९९९.

वेगळ्या राज्याच्या मागणीला एकसंध नाव लागतं, हे समजण्यासारखं आहे. पण त्याची किंमत पुढे सगळ्यांनी मोजली. एकदा अकरा जिल्ह्यांचा एक प्रदेश झाला की त्याची एक बोली, एक स्वभाव, एक जेवण शोधायला लोक लागतात. बाहेरच्यांनी ते शोधलं आणि जे हाताला लागलं ते सगळ्यांना लावलं. विदर्भवाद्यांनी मुंबईशी भांडताना 'आम्ही वैदर्भीय' अशी एकमुखी भाषा वापरली आणि नदीच्या दोन तीरांचा, त्यापलीकडच्या झाडीपट्टीचा, म्हणजे पूर्वेकडच्या धानाच्या मुलखाचा, वेगळेपणा स्वतःच झाकून टाकला. माझ्या मते हा दोष बाहेरच्यांपेक्षा मोठा आहे, कारण विदर्भवाद्यांना फरक माहीत होता.

बुलढाण्याचं उदाहरण घ्या. त्या जिल्ह्यातच 'घाटावरचे' आणि 'घाटाखालचे' अशी फाळणी आहे. घाटाखालचं मलकापूर जळगावच्या वळणाचं, भाकरी कळण्याची, बोलण्यात खानदेशी झाक. घाटावरचं देऊळगाव राजा जालन्याकडे पाहणारं. सिंदखेड राजा हे जिजाऊंचं माहेर. दर १२ जानेवारीला राज्यभरातून लोक तिथे लोटतात, पण आपण विदर्भात आलो आहोत असं त्यांतल्या फार थोड्यांच्या मनात येतं. विदर्भाच्या चित्रात ऊन बसतं, संत्री बसतात, जिजाऊ बसत नाहीत.

चित्रातलं नागपूर मात्र सगळ्यात ठळक, आणि त्याचं कारण २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार. विदर्भातल्या राजकारणात या करारावर जितकं बोललं जातं तितकं दुसऱ्या कशावर क्वचितच. संयुक्त महाराष्ट्रात येण्याच्या बदल्यात काय मिळेल याची ती यादी होती : लोकसंख्येच्या प्रमाणात नोकऱ्या आणि खर्च, तांत्रिक शिक्षणात जागा, उच्च न्यायालयाचं खंडपीठ. आणि एक कलम असं, की सरकार दरवर्षी ठराविक काळासाठी अधिकृतपणे नागपूरला हलेल आणि विधिमंडळाचं किमान एक अधिवेशन तिथे होईल. करारातही तीन घटक मोजले आहेत ते महाविदर्भ, मराठवाडा आणि राहिलेलं राज्य.

'ठराविक काळ' म्हणजे किती, हे लिहिलेलं नाही. सही करणाऱ्या वैदर्भीय पुढाऱ्यांच्या मनात काही आठवडे-महिने सरकारचा मुक्काम असावा, कारण कलमात सरकार हलण्याची गोष्ट अधिवेशनाच्या आधी आणि वेगळी मांडली आहे. प्रत्यक्षात दोन्ही गोष्टी एकच धरल्या गेल्या. अधिवेशन झालं, म्हणजे सरकार येऊन गेलं. तेही आखडत गेलं. २०२४ मध्ये १६ ते २१ डिसेंबर एवढ्यात उरकलं. साथीच्या काळात २०२० आणि २०२१ ला तर ते मुंबईतच झालं. करार मोडला की पाळला, यावर दोन्ही बाजूंनी शपथा घेतल्या जातात. शब्दार्थानं पाळला, हे खरं. पण १ नोव्हेंबर १९५६ ला राजधानीपण गमावलेल्या शहराला जे दिलं जाईल असं वाटलं होतं ते दिलं गेलं नाही, हेही तितकंच खरं.

आपल्या विषयाच्या दृष्टीनं या अधिवेशनाचा परिणाम वेगळाच आहे. मुंबईचे आमदार, मंत्र्यांचे सचिव, वार्ताहर, चालक, कार्यकर्ते, सगळे मिळून हजारो लोक दरवर्षी विदर्भ पाहतात तो डिसेंबरात, आणि तोही नागपूरचा. हवा गार असते, अंबिया बहाराची संत्री बाजारात आलेली असतात, शहराबाहेरच्या शेतावर हुरड्याचं निमंत्रण असतं, आणि रात्री सावजी. परत गेलेला माणूस संत्र्याची पेटी, संत्रा बर्फीचा डबा आणि तोंड पोळल्याचा किस्सा घेऊन जातो. वार्ताहरांच्या अधिवेशनातल्या हलक्याफुलक्या बातम्या पाहा. त्याच तीन-चार गोष्टी दरवर्षी येतात. मे महिन्यातल्या चंद्रपुरात कुणी अधिवेशन भरवलेलं नाही. उन्हाबद्दल ते ऐकून असतात, थंडी मात्र स्वतः अनुभवतात, आणि तरी घरी जाऊन सांगतात ते उन्हाबद्दलच.

सावजीबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण पदार्थाचं नाव प्रदेशाला कसं चिकटतं याचा हा नमुना आहे. हे जेवण हलबा कोष्टी समाजाचं. हा विणकर समाज, भोसल्यांच्या काळापासून नागपुरी धोतर-साडीचे काठ विणण्यात नावाजलेला. हातमाग, गिरणी आणि पुढे दोन्हीची पडती. माग बंद पडू लागले तशी घरातल्या बायकांनी घरच्याच चुलीवर खानावळी सुरू केल्या. महाल, इतवारी, गोळीबार चौक या भागांत त्यांची दाटी. धणे, खसखस, सुकं खोबरं आणि खडे मसाले खरपूस भाजून वाटलेला काळा रस्सा, जवसाचं तेल, वर तवंग. मटण, खूर, भेजा; मांसाहार नको असेल त्याला डाळकांदा आणि पाटोडी. मसाल्यात घटक किती, यावर प्रत्येक खानावळीचा आकडा वेगळा आणि प्रत्येकाचा गुप्त.

हे विणकरांचं, कष्टकऱ्यांचं जेवण होतं. शहरातल्या पांढरपेशा वस्तीत त्याला प्रतिष्ठा नव्हती. सीताबर्डी-धंतोलीच्या जुन्या घरांतली वडाभात आणि गोळाभाताची पंगत हीच तिथली 'नागपुरी' चव होती, तिखटाशी तिचा फारसा संबंध नाही. फोडणीचं तेल ओतून खायचा मऊ भात आणि डाळीचे गोळे. बाहेरच्यांनी सावजी डोक्यावर घेतल्यावर त्याच वस्तीतले लोक पाहुण्याला अभिमानानं गोळीबार चौकात नेऊ लागले. "झेपेल ना?" हा प्रश्न नागपूरकर ज्या सुरात विचारतो तो सूर पाहुण्यासाठी राखून ठेवलेला असतो. घरी तो रोज वरण-भात, पोळी आणि आलू-वांग्याची भाजी खातो.

अमरावती-अकोल्याकडे पाहुण्याला मोठ्या पंगतीचं काही खाऊ घालायचं तर रोडगे. जाडसर कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरावर भाजायचे, फोडून तुपात बुडवायचे, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. नवसाच्या पंगतीला शेपाचशे माणसं शेतात जेवतात. तिखट असतं, पण सावजीची जात नाही. शेगावची कचोरी आता वऱ्हाडची खूण मानली जाते. ती सुरू केली फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या एका कुटुंबानं, शेगावच्या रेल्वे स्थानकावर. वऱ्हाडच्या लोकांनी ती आपली मानली आणि बाहेरच्यांनी ती गजानन महाराजांच्या दर्शनाला जोडून टाकली.

सावजीबरोबर एक कडवट गोष्टही सांगायला हवी. ज्या समाजाचं मटण अधिवेशनाला आलेले लोक रात्री खातात, तोच समाज दिवसा मोर्चा घेऊन उभा असतो. हलबा कोष्टींना अनुसूचित जमातीत धरायचं की नाही, हा वाद जुना. नोव्हेंबर २००० मध्ये देशातल्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की यादीतल्या 'हलबा' या नोंदीत 'हलबा कोष्टी' बसत नाहीत. तोवर झालेल्या काही प्रवेश-नेमणुकांना अभय मिळालं, पण पुढच्या हजारो कुटुंबांची प्रमाणपत्रं लटकली. यावर दोन्ही बाजूंचे युक्तिवाद आहेत. गोंड-हलबा आदिवासींचा आक्षेपही दुर्लक्ष करण्यासारखा नाही. सावजीचा फलक पुण्यात वाचणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असतं, हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही.

संत्र्याचं तर उघडच आहे. रोपं भोसल्यांनी औरंगाबादेहून आणल्याची परंपरागत कथा नागपूरची. व्यापार, रेल्वेची वखार, मंडी नागपूरची. २०१४ मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकनही 'नागपूर संत्रा' याच नावानं. काटोल-नरखेडच्या बागा नागपूर जिल्ह्यातल्या आहेत हे खरं, पण ज्याला 'विदर्भाचा कॅलिफोर्निया' म्हणतात ते वरुड-मोर्शी अमरावती जिल्ह्यात, म्हणजे अस्सल वऱ्हाडात. वरुडच्या बागायतदाराचा माल दिल्लीत 'नागपुरी' म्हणूनच विकला जातो आणि त्यानं त्याबद्दल तक्रार करायचं कधीच सोडून दिलं आहे, कारण नावाला भाव आहे.

वाईट गोष्टींचा हिशोब मात्र याच्या नेमका उलटा होतो. २००० नंतर कापसाचे भाव, कर्ज, बियाण्याचा वाढता खर्च आणि मोडीत निघालेली सरकारची कापूस एकाधिकार खरेदी यांनी वऱ्हाड खचलं. ही खरेदी योजना १९७२ पासूनची. तिचे दोष कितीही असले तरी भावाला तिचा आधार होता. जुलै २००६ मध्ये केंद्रानं ३,७५० कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं ते सहा जिल्ह्यांसाठी : अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाणा, यवतमाळ आणि वर्धा. म्हणजे अख्खं वऱ्हाड आणि नदीपलीकडचा एकच जिल्हा, ज्याची काळी जमीन आणि कापूस वऱ्हाडसारखाच. (हिंगणघाटचा कापूस एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या बाजारात नावाजलेला होता. जमीन तहाच्या रेषा मानत नाही.) पण मथळे छापले गेले 'विदर्भातील आत्महत्या'. सोन्याची कुऱ्हाड ते कर्जबाजारी मुलूख, हा प्रवास वऱ्हाडचा. डाग अकरा जिल्ह्यांना. स्थळ पाहायला निघालेली पुण्याकडची माणसं नागपुरातल्या नोकरदार कुटुंबालाही "तिकडे फार दुष्काळ ना?" असं विचारू लागली. विदर्भात पाऊस पुण्याच्या पूर्वेकडच्या तालुक्यांपेक्षा कितीतरी जास्त पडतो, हे सांगायला तोंड उघडावं तर समोरच्याचा चेहरा सहानुभूतीनं भरलेला.

झाडीपट्टीला या सगळ्यात जागाच मिळाली नाही. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्व भाग म्हणजे धानाचा, तळ्यांचा मुलूख. कोहळी समाजानं बांधलेली तळी मालगुजारी गेल्यावर सरकारजमा झाली आणि आता 'मामा तलाव' म्हणून ओळखली जातात, माजी मालगुजारीतला 'मामा'. जेवणात भात, तळ्यातले मासे-झिंगे, लाखोळीची डाळ. या डाळीनं पाय लुळे पडतात म्हणून १९६१ मध्ये देशात तिच्या विक्रीवर बंदी आली. इथले लोक ती पिकवत आणि खात राहिले. दिवाळीपासून होळीपर्यंत रात्रभर चालणारी नाटकं, गडचिरोलीतल्या वडशात नाटक कंपन्यांची कार्यालयं, गावोगाव हजारोंची गर्दी. मुंबईच्या नाट्यव्यवसायाला अनुदानाची चिंता असताना ही रंगभूमी तिकिटावर चालते. बाहेरच्या माणसाला मात्र इथले दोनच रहिवासी माहीत, वाघ आणि नक्षलवादी. नागपूरकराला विचारा, त्याच्या यादीतही फार भर पडणार नाही.

आता नजर उलटी फिरवू. विदर्भातून पाहिलं की विदर्भाच्या हद्दीपासून अरबी समुद्रापर्यंतचा सगळा मुलूख म्हणजे 'पश्चिम महाराष्ट्र'. त्यात सिंधुदुर्गाचा मच्छीमार आणि सोलापूरचा विडी कामगार दोघेही आले, आणि दोघांनीही विदर्भाचं पाणी, पैसा, नोकऱ्या पळवल्या. भाजीत साखर घालणारे, पाहुण्याला चहा विचारतानाच "घेतला असेलच" म्हणणारे, हे सगळे एकजात पुणेकर. सगळ्यांना असं एकत्र धरण्याला थेट राज्यघटनेचा आधार आहे. कलम ३७१(२) मध्ये विकास मंडळांसाठी राज्याचे तीन भाग सांगितले आहेत : विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र. कोकण, खानदेश, देश, मुंबई, सगळे मिळून 'उर्वरित'. १९८० च्या दशकात अनुशेष, म्हणजे विकासात मागे राहिलेली तूट, मोजायला नेमलेल्या समितीपासून गेली चाळीस वर्षं तक्ते याच रकान्यांत भरले जातात. त्या तक्त्यांत वऱ्हाडचा सिंचन अनुशेष आणि भंडाऱ्याचं पाणी एकाच बेरजेत जातं, तसंच नंदुरबार आणि बारामतीही. नंदुरबारच्या माणसाला बारामतीच्या हिश्श्याचे टोमणे ऐकून काय वाटत असेल, याची चौकशी विदर्भात कुणी करत नाही.

ही विकास मंडळं १९९४ मध्ये स्थापन झाली आणि ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली.

दरम्यान माणसंच हलली. २००० नंतर विदर्भातली अभियंत्यांची पिढी पुण्यात हिंजवडी-वाकड-खराडीला जाऊन बसली. तिथे नागपूर, अकोला, गोंदिया हे फरक पहिल्या आठवड्यात गळून पडतात; घरमालकासाठी सगळे 'विदर्भाकडचे'. शनिवारी रात्री तर्री पोह्यांची आणि सावजीची आठवण काढणाऱ्यांत अकोल्याची मुलंही असतात, ज्यांनी घरी असताना सावजी एकदाही खाल्लेलं नव्हतं. त्यांच्यासाठी निघालेल्या खानावळींचे फलक 'वऱ्हाडी', 'नागपुरी', 'सावजी' आणि 'वैदर्भीय' असे चारही शब्द एका ओळीत लिहितात. आत मालक बहुधा नागपूरचा, आचारी कुठलाही, आणि रोडगे फक्त रविवारी, आधी सांगितल्यास.